टॉस जिंकला तं काय घ्याचं?

एखाद्याचा संघावर किती जीव आहे, हे मी सामन्याच्या आदल्या दिवशी ओळखते. जिंकल्यावर फटाके कोणीही फोडतो. उद्या सलामीला कोण जाणार, नवा चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, समोरचा डावखुरा फिरकीवाला आला तर आपला चौथा गडी त्याला पुढे येऊन खेळेल की मागे राहून, यावर जो माणूस ताटातलं वरण निवेपर्यंत भांडतो, तो त्या संघाचा.

माझी खानावळ नागपूरजवळच्या वाडीत आहे, खडगाव रस्त्याला. आजूबाजूला गोदामं, ट्रान्सपोर्टची बुकिंग ऑफिसं, वजनकाटे, टायरची दुकानं. जेवायला येतात ते हमाल, कारकून, ड्रायव्हर आणि क्लीनर. देशाच्या चारही दिशांचा माल वाडीत उतरतो आणि वाडीतून पुढे जातो, तशीच माणसंही. त्यामुळे क्रिकेटच्या गप्पांना माझ्याकडे कधी तोटा नसतो. पण त्या गप्पांमध्ये आपला संघ, म्हणजे विदर्भाचा संघ, फार कमी वेळा असतो. भारताचे अकरा जण झोपेत विचारले तरी पोरं सांगतील. विदर्भाचे अकरा विचारले की चार-पाच नावांवर गाडी थांबते. मला त्याचं वाईट वाटतं. आणि तसं नसलं तर काय होतं तेही मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

२५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. दुसऱ्या दिवसापासून नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना होता. दोनच दिवस आधी दुबईत भारतानं पाकिस्तानला हरवलं होतं, कोहलीचं शतक झालं होतं, आणि लोकांच्या तोंडी तेच होतं. त्याच महिन्याच्या सहा तारखेला जामठ्यात इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना झाला, तेव्हा तिकिटांसाठी नागपुरात काय झुंबड उडाली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच मैदानावर आपल्या घरच्या संघाचा अंतिम सामना, तर दुपारपर्यंत एक शब्द नाही.

संध्याकाळी जेवायला एक ड्रायव्हर आला, पालक्काडकडचा. केरळच्या इतिहासातला हा पहिलाच रणजी अंतिम सामना, आणि त्याला त्यातलं सगळं पाठ. हात धुता धुता म्हणाला, "दीदी, हमको जीतना नहीं है, बस लीड चाहिए." एवढ्यानं समोरच्या बाकावरचे दोन हमाल आणि बुकिंग ऑफिसचा कारकून जागे झाले. पुढचे दोन तास माझ्या खानावळीत जे चाललं, तसं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

आधी त्याचं म्हणणं समजून घेऊ. रणजीचा बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो. केरळनं त्या वर्षी याच नियमाच्या जोरावर दोन फेऱ्या काढल्या होत्या. पुण्यात जम्मू-काश्मीरच्या २८० ला उत्तर दिलं २८१ नं. एका धावेची आघाडी, तीही शेवटच्या जोडीनं ८१ धावा काढल्या म्हणून. मग अहमदाबादला केरळच्या ४५७ ला गुजरातचे ४५५. तिथं गुजरातच्या शेवटच्या फलंदाजानं मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात बसला. असा संघ समोर असताना त्याला बाद करायचं कसं, यापेक्षा त्याच्याहून जास्त वेळ खेळपट्टीवर टिकायचं कसं, हा खरा सवाल होता.

"काकू, टॉस जिंकला तं काय घ्याचं?" कारकुनानं मला विचारलं.

"बॅटिंगच घ्याची," मोठा हमाल मध्येच बोलला. "जामठ्यात चौथ्या डावात कोन टिकून रायलं? मुंबई टिकली काय?"

त्याचं खरं होतं. चारच दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात मुंबईला जिंकायला ४०६ हवे होते, सगळे मिळून ३२५ वर आटपले. त्याआधी तमिळनाडूला ४०१ हवे होते, २०२ वर खेळ संपला. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर सौराष्ट्राला फक्त २०६ करायचे होते, पण १२७ मध्ये गुंडाळले गेले. पण धाकट्या हमालाचं म्हणणं वेगळं. "चौथा डाव होईन तं ना! ते लोक लीड घेऊन पाच दिवस काढतीन. सकाळचा ओलावा रायते. पयले बॉलिंग घ्या, त्याइले दोनशेत काढा, मंग काय कराचं ते करा."

यावर मी माझं मत दिलं. केरळची फलंदाजी खालपर्यंत चिवट आहे, त्यांच्या अझरुद्दीननं उपांत्य सामन्यात नाबाद १७७ काढलेत, तेव्हा आपल्याला पहिल्या डावात साडेतीनशेच्या वर गेलंच पाहिजे. मग आधी खेळो की नंतर.

आणि मग विषय निघाला आदित्य सरवटेचा. २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात पुजाराला दोन्ही डावांत बाद करून, एकूण ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक देणारा आपला डावखुरा फिरकीपटू. या वेळी तो केरळकडून खेळत होता. ज्या खेळपट्टीवर तो घडला, तिथेच तो आपल्याविरुद्ध उतरणार होता. आपल्या कर्णधार वाडकरच्या बॅटची कड कुठल्या चेंडूला लागते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? मोठा हमाल हळहळला, "आपलाच पोरगा नं बे तो." पालक्काडवाला हसून म्हणाला, तुमच्याकडे करुण नायर आहे की! तेही बरोबर. नायर कर्नाटकातून आलेला, ध्रुव शोरी दिल्लीतून. बाहेरून आलेला आपला होतो का, गेलेला परका होतो का, यावर मग बराच वेळ वाद झाला. निकाल लागला नाही, पण नायरनं पुढच्या पाच दिवसांत आपलं उत्तर दिलं.

आपल्या हर्ष दुबेचा हिशेबही झाला. रणजीच्या एका मोसमात सर्वाधिक बळींचा विक्रम ६८ चा, बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर. हर्षचे ६६ झालेले. म्हणजे तीन हवेत. वय २२. "त्याले एका बाजूनं लावूनच ठेवाचं, सोडाचंच नाही," हे मात्र सगळ्यांना मान्य, पालक्काडवाल्यालाही.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. सकाळी साबुदाण्याची उसळ आणि भगरीचं पातेलं उतरवलं आणि मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. केरळनं टॉस जिंकून गोलंदाजी घेतली, धाकट्या हमालाच्या मनासारखी. आणि विदर्भाकडून सलामीला शोरीबरोबर आला तो पार्थ रेखडे! फिरकी गोलंदाज. उपांत्य सामन्यात एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना परत पाठवणारा. सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर निधीशनं त्याला पायचीत केलं. मग तिसऱ्या क्रमांकावर आला दर्शन नळकांडे, तोही गोलंदाज. एक धाव करून गेला. शोरीही गेला आणि धावफलकावर ३ बाद २४.

ज्यानं आदल्या रात्री चर्चा केली नव्हती, त्याला हे फक्त तीन गडी बाद दिसले. आम्हाला त्यामागचा डाव दिसत होता. सकाळच्या ओलाव्यात गोलंदाज खर्ची घालायचे आणि चेंडूची चमक उतरल्यावर नायर-मालेवारला खेळवायचं. हा डाव बरोबर होता की चूक, यावर माझ्याकडे उपासाच्या ताटांवर अर्धा तास भांडण झालं. मला विचाराल तर चूक होता. रेखडे पहिल्या षटकात गेला की चमक तशीच राहते, आणि मधल्या फळीवर वीस षटकं आधीच भार येतो. पण मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या आणि वाद तिथेच थांबला. मालेवार २१ वर्षांचा, नागपूरचा, रणजीतला पहिलाच मोसम, त्यानं १५३ केले. नायर ८६ वर धावबाद झाला. विदर्भ ३७९.

साडेतीनशेच्या वर. पुढे काय झालं ते जाणकारांना आठवत असेल. सरवटेनं बॅटनं ७९ काढले, आपल्या जुन्या मैदानावर, आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध. सचिन बेबी ९८ पर्यंत पोचला. केरळ आघाडीच्या जवळ येत चाललं होतं आणि नागपुरात त्या दुपारी ज्यांनी हिशेब ठेवला होता त्यांच्या पोटात गोळा आला होता. तेव्हा रेखडेच्या चेंडूवर बेबीनं उंच फटका मारला आणि तो झेल नायरनं घेतला. सलामीला दुसऱ्या चेंडूवर गेलेला रेखडे, आणि बाहेरून आलेला नायर. केरळ ३४२. हर्षचे तीन बळी झाले, मोसमात ६९, नवा विक्रम. आघाडी ३७ धावांची. दुसऱ्या डावात नायरनं १३५ केले, विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना खेळ थांबला आणि करंडक तिसऱ्यांदा विदर्भात आला.

पेपरात बातमी आली "सामना अनिर्णित, विदर्भ विजेता". ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना ते नीरस वाटलं. हमालांना आणि त्या पालक्काडवाल्याला, जो तोवर माल घेऊन दिल्लीकडे निघून गेला होता, त्या ३७ धावांतली एकेक धाव माहीत होती.

असा हिशेब मी लहानपणी घरीच पाहिला. माझे बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होते. मला ते सायकलवर पुढे बसवून सदरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर नेत. विदर्भ तेव्हा मध्य विभागात खेळायचा, रेल्वे, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशाविरुद्ध, आणि बहुतेक वेळा हरायचा. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाला पहिला अंतिम सामना गाठायला साठ वर्षं लागली. तरी बाबा सामन्याच्या आदल्या रात्री कागद घेऊन बसत. रेल्वेला पहिल्या डावात आघाडी मिळू द्यायची नसेल तर काय करावं, हा त्यांचा विषय. संघ हरणारा होता, पण त्यांच्या डोक्यात तो कधीच मोडीत निघालेला नव्हता. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा जिंकला. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, वाडकरनं १३३ केले, फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. त्याच्या आधीच्या फेरीत कोलकात्याला कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं होतं. पाच धावांनी! बाबा तोवर गेले होते. असते तर त्यांनी तो पाच धावांचा हिशेब चेंडूगणिक सांगितला असता.

ही जी आदल्या रात्रीची बैठक आहे, ती गेल्या काही वर्षांत एका गोष्टीनं नासवली. पैसे लावून संघ बनवायची ॲप. माझ्याकडचा एक पोरगा, गोदामात काम करणारा, महिन्याच्या पगाराचे पैसे त्यात घालून आला आणि उरलेला महिना मी त्याला उधारीवर जेवू घातलं. पैशाचं नुकसान तर झालंच, पण मला जास्त लागलं ते त्याचं बोलणं. तो आमचा संघ कसा जिंकेल हे बोलतच नव्हता. कोण "पॉइंट" देईल, एवढंच. दोन्ही बाजूंचे गडी एकाच वहीत, आपला आणि परका यात फरकच उरला नाही. आपला गोलंदाज समोरच्याला बाद करतो आणि पोरगा कपाळाला हात लावतो, कारण तो समोरचा त्याच्या यादीत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. मी त्याचं मनापासून स्वागत केलं. आता रिकामी झालेली जागा कशानं भरायची हा प्रश्न आहे, आणि ती घरच्या संघाच्या चर्चेनं भरावी असं मला वाटतं.

माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. त्यानं मला तिथल्या गेलिक फुटबॉलबद्दल सांगितलं, आणि ते ऐकून मला आपल्याकडची उणीव नेमकी कळली. आयर्लंडमध्ये १८८४ सालापासून चालत आलेली संघटना आहे, आणि तिच्यात ३२ परगण्यांचे संघ आहेत. प्रत्येकी पंधरा गडी, चेंडू हातानंही खेळायचा आणि पायानंही. खेळणाऱ्याला मानधन नाही. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर. आणि अंतिम सामन्याला क्रोक पार्कच्या मैदानावर ऐंशी हजारांवर माणसं. २७ जुलै २०२५ ला केरी आणि डोनेगल यांच्यात अंतिम सामना झाला, तेव्हा भाच्याच्या ऑफिसात आठवडाभर एकच विषय. त्या वर्षी नियम बदलले होते. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून चेंडू आडव्या दांड्यावरून मारला तर एकाऐवजी दोन गुण, आणि प्रत्येक संघानं तीन गडी आपल्या आणि तीन गडी समोरच्याच्या अर्ध्या मैदानात ठेवलेच पाहिजेत. म्हणजे सगळ्यांना मागे ओढून गोलापुढे भिंत उभी करायची सोय गेली. डोनेगलचा प्रशिक्षक जिम मॅकगिनेस तर तशा बचावासाठीच नावाजलेला, त्यावर त्यानं २०१२ ला अजिंक्यपद मिळवलेलं. आता तो केरीच्या डेव्हिड क्लिफर्डला कसं अडवणार? एक गडी त्याच्या अंगाला चिकटवणार की मैदान वाटून घेणार? भाच्याच्या ऑफिसातली झाडूकामाची बाईसुद्धा यावर मत देत होती, आणि तिला त्या बचावपटूंची गावं माहीत होती. केरी दहा गुणांनी जिंकला, त्यांचं ३९ वं विजेतेपद. भाचा म्हणाला, "मावशी, हरलेल्या लोकांनीसुद्धा दुसऱ्या दिवशी नीट सांगितलं की कुठे चुकलं."

कोणाचा गडी कोणत्या गावचा, हे माहीत असणं मला फार मोलाचं वाटतं. उमेश यादव खापरखेड्याच्या बाजूचा, कोळसा खाणीच्या वस्तीतला, हे आपल्याला माहीत आहे कारण तो भारताकडून खेळला. मालेवार, यश राठोड, नचिकेत भुते, यश ठाकूर यांच्याबद्दल इतकं प्रेमानं कोण बोलतं? राठोडनं त्या मोसमात ९६० धावा केल्या, देशात सगळ्यात जास्त. नागपुरात त्याच्या नावाचा एक फलक मी पाहिला नाही. लोकांना रस नाही असं कोणी म्हणत असेल तर मी मानत नाही. रस असायला माहिती लागते. एका केरळी ड्रायव्हरनं दोन वाक्यं टाकली आणि अख्खी खानावळ पेटली होती.

म्हणून वर्तमानपत्रांना माझं सांगणं आहे. रणजीच्या प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी एक रकाना द्या. खेळपट्टी लाल मातीची की काळ्या, सकाळी दव किती, समोरच्या संघानं मागच्या तीन सामन्यांत काय केलं, आपल्याकडे कोण जखमी, कोणाला संधी मिळू शकते. निकालाचा धावफलक तर मोबाईलवर कोणालाही मिळतो. विदर्भ क्रिकेट असोसिएशननं आदल्या दिवशी कर्णधाराला किंवा प्रशिक्षकाला नागपूरकरांपुढे बसवावं. वाडकरनं सांगू नये सगळं, पण थोडं सांगावं. उरलेलं आम्ही ओळखू.

आणि जामठा. सदरचं मैदान गावात होतं, बाबा सायकलवर जाऊ शकत. जामठा वर्धा रस्त्यावर गावाबाहेर आहे, ४५ हजारांचं देखणं मैदान, पण वाडीच्या हमालानं तिथं जायचं कसं? खापरीला मेट्रो संपते, पुढे ऑटोवाला सांगेल तो भाव. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात आमच्या वाडीतली दत्तवाडीही आहे आणि जामठाही आहे. ते होईल तेव्हा सीताबर्डीला गाडी बदलून वाडीतून थेट मैदानाशी उतरता येईल. तोवर रणजीच्या बाद फेरीच्या दिवसांत तरी खापरीहून मैदानापर्यंत महापालिकेनं बस सोडावी. यात खर्च असा कितीसा?

पुढच्या मोसमात विदर्भाचा पहिला सामना लागेल तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळी घरी, पानठेल्यावर, ऑफिसात, जिथे बसत असाल तिथे विदर्भाचे अकरा जण कागदावर लिहून काढा. सलामीला कोण, तिसरा कोण, नवा चेंडू कोणाला, टॉस जिंकला तर काय घ्यायचं, हे ठरवा आणि त्यावर भांडा. रणजीला सहसा तिकीट नसतं. तो कागद खिशात घालून सकाळी साडेनऊच्या आत जामठ्याला या.